वाहिनीचा खर्च कुणाच्या बिलात?

डेटा सेंटरला वीज द्यायची तर नुसता मीटर बसवून भागत नाही. उच्चदाब वाहिन्या, उपकेंद्रं, अवाढव्य ट्रान्सफॉर्मर उभारावे लागतात. तो पैसा वर्षानुवर्षं वीजदरांतून वसूल होतो. कंपनीने मागितली तेवढी वीज वापरलीच नाही, तर उरलेला बोजा घरगुती ग्राहकाच्या माथी बसतो, आणि हे मला फार खटकतं.

अमेरिकेतल्या ओहायोच्या नियामक आयोगाने जुलै २०२५ मध्ये यावर तोडगा काढला. ‘एईपी ओहायो’ या वीज कंपनीकडे २५ मेगावॉटहून जास्त वीज मागणाऱ्या नव्या डेटा सेंटरने, वापर कमी झाला तरी, मागणीच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे. मुदत जास्तीत जास्त १२ वर्षं. त्यातली पहिली ४ पर्यंत वर्षं मागणी टप्प्याटप्प्याने वाढवण्याची. करार अर्ध्यावर सोडला तर वेगळं शुल्क. निर्णय रास्तच आहे; इतर नियामकांनीही तो उचलावा, आणि वाहिन्या उभ्या राहण्याआधी उचलावा.