बधिरता, औषधांची चांचणी आणि रुग्णाची संमति

हातापायांना मुंग्या येणें, तळवे जड वाटणें, पायांतली चप्पल निसटून मागें राहिली तरी तें न कळणें, गरम भांडें उचलतांना चटका न जाणवतां फोड मात्र येणें, हीं कोणा दुखण्याचीं लक्षणें असतील असें पुष्कळांना प्रथम वाटतच नाहीं. वेदना माणसाला वैद्याकडे नेते. बधिरता त्याला घरीं बसवून ठेवते. पुढें उपचार सुरू झाले तरी दुखावलेले मज्जातंतु फार सावकाश सुधारतात, आणि रुग्णाचा धीर सुटूं लागतो. अशा वेळीं कोणी तरी सांगतें कीं, मुंबईस एका नव्या औषधाची चांचणी चालू आहे, तींत नांव घालावें. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील कुटुंबांना हा सल्ला दूरचा वाटत नाहीं. कारण शीव, परळ व भायखळा येथील मोठीं सार्वजनिक रुग्णालयें त्यांच्या नित्याच्याच लोहमार्गावर आहेत. परंतु त्या गाडींत बसण्यापूर्वीं काय जाणून घ्यावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही कीं, बधिरता हें रोगाचें नांव नव्हे, रोगाची खूण आहे. दीर्घकाळच्या मधुमेहानें पायांचे मज्जातंतु झिजतात. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेनें तेंच होतें. आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हें औषध वर्षानुवर्षें घेणाऱ्यांत ही उणीव निर्माण होऊं शकते. क्षयावरील आयसोनायझिड या औषधानेंहि मुंग्या येतात व बी-६ जीवनसत्त्वानें त्या टाळतां येतात. मद्यपान, थायरॉईड ग्रंथीची मंदता, मनगटांत दाबली गेलेली शीर, हींहि कारणें आहेत. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून त्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असूं शकतो. कुष्ठरोगावरील संयुक्त औषधोपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानें १९८१ सालीं सुचविला. तो आज शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतो, आणि सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो. म्हणून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयांत अथवा आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे साध्या तपासण्या करून घेण्याआधींच चांचणीच्या शोधांत महिने घालविणें म्हणजे काखेंत कळसा आणि गांवाला वळसा घालण्यासारखें आहे. आणि बधिरता व अशक्तपणा पायांपासून वर चढत थोड्याच दिवसांत वाढूं लागला, तर कशाचीहि वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

कारण निश्चित झालें, रूढ उपचार केले, तरी त्रास उरला, तर मग चांचणीचा विचार रास्त ठरतो. औषधाची चांचणी, जिला सर्वत्र क्लिनिकल ट्रायल म्हणतात, ती म्हणजे शास्त्रानें विचारलेला एक प्रश्न असतो: हें औषध खरोखर गुण देतें काय, आणि अपाय किती करतें? उत्तर आधींच ठाऊक असतें तर चांचणीची गरजच उरली नसती. पुष्कळ चांचण्यांत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनें पाडतात. एका गटाला नवें औषध मिळतें, दुसऱ्याला जुनें औषध अथवा केवळ दिसायला तसलीच, औषधी गुण नसलेली गोळी. कोणाला काय मिळालें हें रुग्णाला कळत नाहीं, आणि बहुधा डॉक्टरांनाहि नाहीं. ही फसवणूक नव्हे, पण ती पूर्वीं सांगितली गेली असली तरच.

अशी निर्गुण गोळी देण्याची गरज काय, हें एका उदाहरणानें कळेल. कुष्ठरोगांत बधिर झालेल्या मज्जातंतूंना प्रेडनिसोलोन देण्याचा प्रघात आहे. बधिरता सहा महिन्यांहून जुनी झाल्यावर तें उपयोगी पडतें काय, असा प्रश्न नेपाळ व बांगलादेश येथील एका चांचणींत विचारला गेला. तिचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील कांहीं रुग्ण सुधारले, परंतु औषध घेणारे गोळीवाल्यांहून अधिक सुधारले नाहींत. तुलना केली नसती तर सारें श्रेय औषधाला गेलें असतें. या नकारार्थी उत्तरानेंहि एक मोठा धडा दिला: उपचार लवकर करावयाचा, बधिरता मुरल्यावर नव्हे. होकारार्थी उत्तराचेंहि उदाहरण आहे. अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या काळांत १४४१ मधुमेही स्वयंसेवकांवर झालेल्या चांचणींत, रक्तांतील साखर कसोशीनें ताब्यांत ठेवल्यास मज्जातंतूंचा विकार सुमारे ६० टक्क्यांनीं कमी होतो असें आढळलें. आज डॉक्टर साखर सांभाळण्याचा आग्रह धरतात, त्याच्यामागें त्या अनोळखी माणसांचीं वर्षें उभीं आहेत.

पण अशा प्रयोगाचा पाया रुग्णाची संमति हा आहे, आणि हें जगाला सहज उमगलेलें नाहीं. कुष्ठरोगाचा जंतु १८७३ सालीं नॉर्वेच्या हॅन्सेन यांनीं शोधला. तो संसर्गजन्य आहे हें सिद्ध करण्याच्या भरांत त्यांनीं १८७९ सालीं बर्गेन येथील रुग्णालयांत, बधिरतेच्या प्रकारचा कुष्ठरोग असलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यांत दुसऱ्या रुग्णाच्या गांठींतील द्रव्य टोंचलें. तिला विचारलें नव्हतें. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १८८० सालीं एवढ्या मोठ्या संशोधकाला रुग्णालयांतील आपलें पद गमवावें लागलें. याच्या उलट चित्र आपल्या महाराष्ट्रांतील आहे. बाबा आमटे १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयांत कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यास गेले; तेथें त्यांनीं जंतु टोंचून घेण्यासाठीं आपण होऊन आपलें शरीर पुढें केलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें. रोग तोच, सुईहि तशीच. एके ठिकाणीं न विचारतां घेतलेलें शरीर, दुसरे ठिकाणीं धोका जाणून दिलेलें. अपराध आणि दान यांतील अंतर एवढेंच आहे.

आपल्या देशांत हें अंतर कायद्यानें आंखून दिलें आहे. २०१९ च्या नव्या औषधांच्या व चांचण्यांच्या नियमांप्रमाणें प्रत्येक चांचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. या समितींत किमान सात सभासद असतात. त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री व एक सामान्य नागरिक असावा लागतो, आणि निम्मे तरी सभासद त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेंत द्यावयाचें असतें. मराठींत हवें कीं सिंधींत, हें मागण्याचा त्याला अधिकार आहे. वाचतां न येणाऱ्यासाठीं निःपक्षपाती साक्षीदार लागतो. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत रुग्णाकडे राहते. केव्हांहि बाहेर पडण्याची त्याला मोकळीक असते, व त्यामुळें त्याचे नेहमींचे उपचार थांबवितां येत नाहींत. चांचणीमुळें इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई मिळाली पाहिजे.

आतां चांचणी शोधावी कशी? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २००७ सालीं देशांतील चांचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही इंटरनेटवर उघडली, सी.टी.आर.आय. या आद्याक्षरांनीं ती ओळखली जाते. १५ जून २००९ पासून औषधांच्या चांचण्यांची तींत नोंद सक्तीची झाली. ती कोणालाहि फुकट पाहतां येते. रोगाचें इंग्रजी नांव घालून शोध घ्यावा: ‘पेरिफेरल न्यूरोपॅथी’, ‘डायबेटिक न्यूरोपॅथी’, ‘लेप्रसी’ अशीं तीं नांवें. प्रत्येक नोंदींत चांचणी कोणत्या रुग्णालयांत आहे, भरती चालू आहे कीं संपली, कोणते रुग्ण घेतले जातात व कोणते वगळले जातात, नीतिसमितीची मान्यता आहे काय, आणि कोणाशीं संपर्क साधावा, हें दिलेलें असतें. मात्र नोंद असणें म्हणजे औषध गुणकारी असल्याची ग्वाही नव्हे.

नोंद सांपडल्यावर ती आपल्या डॉक्टरांना दाखवावी. साखरेचे, बी-१२ चे, मज्जातंतूंच्या तपासणीचे जुने अहवाल तारखेप्रमाणें लावून न्यावेत. त्यानंतर पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. मला निर्गुण गोळी मिळण्याची शक्यता किती? चालू औषधें बंद करावीं लागतील काय? किती फेऱ्या माराव्या लागतील, व प्रवासखर्च मिळेल काय? बदलापूरहून भायखळ्याच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या मुलाची रजा, हाहि चांचणीचा खर्चच आहे. अपाय झाल्यास रात्रीं कोणाला कळवावें? चांचणी संपल्यावर औषध मिळत राहील काय? नियमांत न बसल्यानें नकार मिळाला, तर तो आपल्या रोगाविषयींचा निवाडा समजूं नये. गटांची तुलना निर्दोष व्हावी, कोणाला जादा धोका पोंचूं नये, एवढ्यासाठींच ते निकष असतात.

उलट, नांव चांचणीचें आणि मागणी पैशांची असेल तर तेथून परत फिरावें. मूळपेशींचीं इंजेक्शनें देऊन मज्जातंतु पूर्ववत् करूं, अशा जाहिराती आढळतात. रक्ताच्या व तत्सम कांहीं मान्य रोगांखेरीज मूळपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त चांचणीबाहेर करूं नये, असें परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत स्पष्ट म्हटलें आहे.

घरांतील वडील मंडळी पुष्कळदां म्हणतात, ‘डॉक्टर सांगतील तेथें सही करतों.’ या विश्वासांत सौजन्य आहे, पण संमति नाहीं. माहितीपत्रक घरीं आणावें, सर्वांनीं मिळून वाचावें, न कळलेल्या ओळीखालीं रेघ ओढावी आणि दुसरे दिवशीं त्या ओळीचा अर्थ विचारावा. मग होकार द्यावा किंवा नकार. दोन्ही सारखेच सन्मानाचे आहेत. होकार दिला, तर गुण स्वतःला येईल अशी खात्री धरूं नये. आपल्या सहभागानें एका प्रश्नाचें खरें उत्तर मिळेल, आणि पुढें कोणाची तरी बधिरता वेळींच थांबेल, एवढी आशा मात्र अवश्य धरावी.