क्रांती चौक ते पॅरिस : प्रवासाचा खरा हिशेब

क्रांती चौकातून दुपारी २ वाजता निघालेली टॅक्सी रात्री ९ च्या सुमारास मुंबईच्या विमानतळावर पोहोचते. विमान पहाटे २ चे. साडेनऊ तासांनी ते पॅरिसला उतरते तेव्हा तिथे उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळचे ८ वाजलेले असतात, मनगटावरच्या भारतीय घड्याळात साडेअकरा. हॉटेलची खोली मिळते साधारण दुपारी ३ वाजता. म्हणजे घराला कुलूप लावल्यापासून पाठ टेकेपर्यंत साडेअठ्ठावीस तास. तिकिटावर मात्र साडेनऊच तास दिसतात, आणि पहिल्यांदा युरोपला निघालेले कुटुंब त्यावरच पुढचा बेत रचते: उतरल्या दिवशीच आयफेल टॉवर, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ची रेल्वे, दहा दिवसांत सात शहरे.

पूर्वी हा हिशेब टूर कंपन्या करत. आता मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपवर विमाने, रेल्वे, हॉटेले स्वतः ठरवते आणि सोबत साठीतले आई-वडील असतात. एकाला रक्तदाबाची गोळी, दुसऱ्याला मधुमेहाची. भाड्याची तुलना दहा ठिकाणी होते, पण आईच्या गुडघ्यांचा आणि बाबांच्या झोपेचा विचार बेतात क्वचितच असतो.

आधी पायांचे पाहू. बराच वेळ बसून राहिल्यास पोटरीचे स्नायू हलत नाहीत, रक्त वर ढकलले जात नाही आणि पायाच्या खोल शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाचा प्रत्यक्ष धोका तरीही कमीच, चार तासांवरील विमानप्रवासात सुमारे ६ हजारांत एक. पण या अभ्यासातल्या दोन गोष्टी आपल्या प्रवाशाने लक्षात ठेवाव्यात. हा धोका फक्त विमानाचा नाही; मोटार, बस, रेल्वे, कुठेही न हलता बसले की तो आहेच. म्हणजे मुंबईपर्यंतचे सात तासही त्यात धरायचे. दुसरे म्हणजे प्रवास संपला की धोका लगेच संपत नाही. तो सुमारे चार आठवडे वाढलेला राहतो आणि थोड्या दिवसांत एकामागून एक विमाने केली तर आणखी वाढतो. अनेक शहरांच्या सहलीत नेमके तेच होते.

उपाय साधे आहेत. टॅक्सी दर दोन तासांनी थांबवून पाच मिनिटे चालावे. विमानात कडेची जागा घ्यावी, म्हणजे उठताना संकोच वाटत नाही. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. झोपेची गोळी आणि मद्य टाळावे. आधी गुठळी झालेली असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गर्भारपण असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटायलाच हवे. दाब देणारे मोजे लागतात का, हे तेच सांगतील. शेजाऱ्याने सुचवले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये.

मग झोप. मेंदूतले जैविक घड्याळ उजेडावर चालते. शरीरातील या घड्याळाचे पेशींमधले काम उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. मध्य युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. पश्चिमेला जाताना शरीराला उशिरा झोपावे लागते आणि ते तुलनेने सोपे असते, कारण बहुतेकांचे आतले घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालते. तरी जुळवून घ्यायला दोन-तीन दिवस जातातच. तोवर संध्याकाळी ७ लाच डोळे मिटू लागतात आणि पहाटे ३ ला टक्क जाग येते, कारण घरी तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. पॅरिसमध्ये जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. संध्याकाळी खोलीत न बसता त्या उजेडात नदीकाठी फिरले, तर घड्याळ लवकर सरकते. दुपारी अर्धा तास डुलकी चालेल, तीन तास नाही.

म्हणून पहिल्या शहरात किमान तीन रात्री हव्यात. पॅरिस चार, इंटरलाकेन तीन, रोम तीन, एवढ्यावर दहा रात्री भरतात. तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायाने काढावे, पॅरिसला जायचे आणि रोमहून परतायचे. परतीच्या विमानासाठी पुन्हा पॅरिस गाठण्याचा एक दिवस वाचतो. चिकलठाण्याहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे जायचे असेल, तर सगळी विमाने एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळी घेतल्यास पहिल्याला उशीर झाला की पुढचे विमान सुटते, जेवण चुकते आणि मधुमेह्याची साखर त्या धावपळीत कोसळू शकते.

शहराशहरांमध्ये शक्यतो रेल्वे बरी. सव्वा तासाच्या विमानासाठी विमानतळावर जाणे, तपासणी, सामानाची वाट, असे मिळून पाच तास सहज जातात. रेल्वे शहराच्या मध्यात सोडते आणि आत चालता येते. पॅरिसहून बासेल साधारण तीन तास, तिथे गाडी बदलून इंटरलाकेन आणखी दोन. बदलायला अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. सात-आठ मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलणे स्विस माणसाला जमते, दोन बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन जमत नाही. तिथे हमाल मिळत नाहीत, गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, आणि बॅग पायऱ्यांवरून आणि डब्यात स्वतःच चढवायची असते. घरी आपली आपल्याला एका हाताने उचलता येईल, तेवढीच बॅग भरायची. लाडू-चिवड्याचे डबे इथेच भारी पडतात.

युंगफ्राऊयोखबद्दल फार कमी बोलले जाते. मराठी पर्यटकांच्या यादीत ते हमखास असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर, इंटरलाकेनही जवळपास तेवढेच. तिथून गाडी दोनेक तासांत ३,४५४ मीटरवर नेते. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिच्या दुपटीहून उंच, आणि तेही खुर्चीत बसून. वर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. डोके जड होणे, धाप लागणे, मळमळणे हे निरोगी माणसालाही होते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी, दम्याचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असलेल्यांनी, खूप रक्तक्षय असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तिकीट काढू नये. इतरांनी वर सावकाश चालावे, पाणी प्यावे, आणि त्रास वाढला तर बर्फातला फोटो सोडून पुढच्या गाडीने खाली यावे. खाली उतरणे हाच उपचार आहे. प्रवासाने थकलेल्या तिसऱ्याच दिवशी हा बेत ठेवू नये, हे तर उघडच.

औषधे हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, थोडी जास्तीची, आणि सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी. आपले ब्रँड तिकडच्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. इन्सुलिन सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत कधीच ठेवू नये. बॅग हरवते आणि इन्सुलिन गोठूही शकते. जाताना दिवस साडेतीन तासांनी लांबतो, तेव्हा इंजेक्शनच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण स्वस्त पॉलिसीत जुने आजार अनेकदा वगळलेले असतात. ते कलम वाचावे आणि मधुमेह, रक्तदाब लपवू नये. युरोपियन संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

परतीचा प्रवास पूर्वेकडे, म्हणून तो जास्त जड. आता शरीराला लवकर झोपायला शिकावे लागते आणि ते दिवसाला जेमतेम तासभर सरकते. विमान सकाळी मुंबईत उतरले की पार्किंगमधली गाडी काढून स्वतः समृद्धी महामार्गाने घर गाठण्याचा मोह होतो. अपुऱ्या झोपेवर सरळ, रिकाम्या रस्त्यावर डुलकी लागायला काही सेकंद पुरतात. चालक ठेवावा, मुंबईत एक रात्र राहावे किंवा दादर-ठाण्याहून दुपारची वंदे भारत धरावी. तिच्यात चालताही येते. कामावर रुजू होण्याआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. त्यानंतरच्या महिनाभरात एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर थकवा समजून घरी थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की नुकताच लांबचा प्रवास झाला आहे.