पिंप्राळ्याच्या उन्हात लवकर येणारी स्ट्रॉबेरी : छोट्या हरितगृहाची उपयुक्तता आणि मर्यादा

जळगाव शहराला लागून असलेल्या पिंप्राळ्याची आणि एकंदर खानदेशाची ओळख केळी व कापूस या पिकांशी जोडलेली आहे. स्ट्रॉबेरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर, पाचगणी आणि भिलार उभे राहतात. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-कळवण भागात आणि नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील डाब परिसरातही आदिवासी शेतकरी हे पीक घेऊ लागले आहेत. त्यामुळे घराजवळ चार-पाच गुंठे जमीन असलेल्या कुटुंबाच्या मनात सहज प्रश्न येतो : आपल्याकडे ती होईल का, आणि नाताळापूर्वी बाजारात नेता येईल का?

अडचण थंडीची नव्हे, उष्णतेची

युरोपात लवकर फळ मिळावे म्हणून हरितगृहात ऊब साठवली जाते. आपल्याकडे प्रश्न नेमका उलट आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, तर जळगाव जेमतेम २०० मीटरवर. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक जातींना फुलकळी धरण्यासाठी लहान दिवस आणि थंड रात्री लागतात. दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर राहिले की फुलोरा मंदावतो. ऑक्टोबरची उष्णता हीच येथील लवकर येणाऱ्या पिकाची खरी शत्रू आहे.

म्हणून पिंप्राळ्यातील छोट्या हरितगृहाने ऋतूनुसार दोन कामे केली पाहिजेत. लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे ५० टक्के सावलीच्या जाळीने रोपांना उन्हापासून वाचवावे. पुढे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा उतरला की प्लॅस्टिकच्या आच्छादनाने ऊब राखावी, अन्यथा थंडीत फळ पिकण्यास विलंब होतो. मात्र सकाळी ऊन चढताच बाजूचे पडदे वर गुंडाळलेच पाहिजेत. बंद प्लॅस्टिकगृहाच्या आतील हवा बाहेरच्यापेक्षा फार लवकर तापते, आणि कोंडलेल्या ओलाव्यात फळांवर करडी बुरशी वाढते.

माती, पाणी आणि रोप

स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ सामू असलेली, निचऱ्याची जमीन मानवते. खानदेशची काळी जमीन चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते. अशा जमिनीत लोह उपलब्ध होत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. यावर मोजक्या रोपांसाठी सोपा उपाय म्हणजे धुतलेल्या कोकोपीटच्या पिशव्या. पाण्याचीही तपासणी आधीच करून घ्यावी, कारण हे पीक क्षारांना अतिशय संवेदनशील आहे. खारट विहिरीच्या पाण्यावर पानांच्या कडा करपतात आणि सर्व खर्च वाया जातो.

लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळच्या वेळी करावी. वाई-महाबळेश्वर भागातील रोपवाटिकांतून स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा यांसारख्या जातींची रोपे मिळतात. त्यांपैकी पहिल्या दोन लवकर फळणाऱ्या आहेत. रोपाचा गड्डा मातीच्या पातळीत ठेवावा. तो खोल गेला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. दोन रोपांत ३० सेंटीमीटर अंतर ठेवून ठिबकने थोडे थोडे पाणी द्यावे आणि मल्चिंगचा कागद अंथरावा, म्हणजे फळ मातीला टेकत नाही.

मधमाशीचे ऋण

ज्याला आपण स्ट्रॉबेरीचे फळ म्हणतो तो वस्तुतः फुलाचा फुगलेला देठाग्र असतो, आणि त्यावरील बारीक दाणे हीच खरी फळे होत. फलित झालेला प्रत्येक दाणा आपल्याभोवतीचा गर वाढवतो. जेथे परागकण पोहोचत नाही तेथे गर वाढत नाही आणि फळ वेडेवाकडे होते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात सकाळी पडदे उघडून मधमाशांना वाट द्यावी, शक्य असल्यास जवळ सातेरी मधमाशांची पेटी ठेवावी आणि फुलावर कीटकनाशक फवारू नये. फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात फळ पिकते. नोव्हेंबरच्या मध्यास फुलोरा आला, तरच नाताळापूर्वी तोडणी साधते.

हिशोब

महाबळेश्वरचा हंगाम एप्रिलपर्यंत चालतो. आपल्याकडे फेब्रुवारीअखेर ऊन तापले की फळे लहान व आंबट होऊ लागतात, आणि मार्चमध्ये हंगाम आटोपतो. उत्पादनात आपण घाटमाथ्याशी स्पर्धा करू शकणार नाही.

तरीही एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. केळी हिरवी तोडून नंतर पिकवता येते. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंगाने गडद होईल, परंतु तिची गोडी वाढत नाही. सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करून येणारे फळ थोडे अपक्व असतानाच तोडावे लागते. पिंप्राळ्यात मात्र पहाटे तोडलेले पूर्ण पिकलेले फळ तासाभरात जळगावच्या ग्राहकाच्या हाती देता येते. छोट्या उत्पादकाचे बळ या ताजेपणात आहे.

एका रोपापासून अनुकूल हंगामात पाव ते अर्धा किलो फळ मिळते. आपला हंगाम लहान असल्याने पाव किलोच धरून हिशोब मांडावा. शंभर रोपांपासून पंचवीस किलोंची अपेक्षा ठेवून, बांबूच्या सांगाड्यावर, घरच्या पैशात पहिला प्रयोग करावा. कर्ज काढून मोठा सांगाडा उभारण्याची घाई करू नये. एक हिवाळा पार पडून हिशोब जुळल्यावर तालुका कृषी कार्यालयात संरक्षित शेतीच्या अनुदानाची चौकशी करावी. अनुदानाचे निकष बदलत असतात, म्हणून पूर्वसंमती मिळण्याआधी खर्च करू नये.

केळीची बाग मोडून स्ट्रॉबेरी लावावी, असे कोणी सुचवीत नाही. परंतु परसातील शंभर रोपांनी घरातील एखाद्या मुलाची शाळेची फी किंवा सणाचा खर्च निघाला, तर त्या लहानशा हरितगृहाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.