लोहाच्या भूमीतील पिवळी पाने

कारापूर-साखळीचा परिसर म्हणजे लोहखनिजाची भूमी. डिचोली तालुक्यातील खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. परंतु खाणींचे काहीही होवो, आपल्या घरांचे चिरे, अंगणातील तांबडी माती आणि पावसात लाल होऊन वाहणारे ओहोळ लोहाचीच साक्ष देत असतात. अशा गावात दारच्या कुंडीतील पिटुनियाची पाने लोहाअभावी पिवळी पडावीत, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. तरीही तसे घडते. त्यामागचे कारण जाणून घेतल्यास फुलझाडाची निगा सोपी होतेच. शिवाय बालकांच्या आरोग्याविषयीही एक महत्त्वाची गोष्ट उमगते.

पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेची. ‘पेतुन’ हे तेथील मूळ रहिवाशांचे तंबाखूचे नाव. त्यावरून या वनस्पतीचे नामकरण झाले. तंबाखू, मिरची, वांगे, बटाटा ही सारी तिच्याच कुळातील. धोतराही त्याच कुळातला; मात्र तो विषारी आहे आणि पिटुनिया तशी नाही. रांगत्या मुलाच्या घरात कोणते फुलझाड ठेवावे, असे कोणी विचारल्यास धोतरा आणि कण्हेर दूर ठेवून पिटुनियाला जागा द्यावी.

आपल्याकडे ती केवळ हिवाळी पाहुणी आहे. मुसळधार पाऊस तिला मानवत नाही आणि एप्रिलचा दमट उकाडाही सोसत नाही. म्हणून दसऱ्याच्या सुमारास बी पेरावे. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया भरतात, इतके ते बारीक असते. रुजण्यासाठी उजेड लागत असल्याने बी मातीत गाडू नये. ओल्या, चाळलेल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे आणि पाण्याची हलकी फवारणी करावी. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. दसऱ्यापासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत पाच आठवडे होतात; विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात नौका सजतात, त्या सुमारास रोपे कुंडीत लावण्याजोगी झालेली असतात.

कुंडीला खाली भोक हवे आणि जागेला पाच-सहा तास ऊन हवे. माती, नारळाचा भुसा व गांडूळ खत समप्रमाणात घ्यावे. रोप वीतभर होण्याआधीच शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. वरची माती सुकल्यावरच सकाळी बुंध्याशी पाणी द्यावे आणि कोमेजलेली फुले देठासह काढावीत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो.

आता पिवळ्या पानांकडे वळू. जुनी, खालची पाने प्रथम पिवळी पडली तर बहुधा नत्राची उणीव असते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची उणीव समजावी. आपल्या मातीतील लोह हे गंजासारखे, पाण्यात न विरघळणारे असते. कुंडीला बाहेरून दिलेला गेरू हेही लोहाचेच रूप. पण त्याचा रोपाला काय उपयोग? मूळ आपल्याभोवती आम्लता निर्माण करून फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करते आणि मगच ते शोषते. चुलीतील राख, चुना, नवी सिमेंटची कुंडी किंवा बोअरवेलचे जड पाणी यांमुळे मातीचा सामू वाढला, की हे कार्य अडते. सतत ओल्या मातीत मुळे गुदमरली, तरी तेच होते. सामू साडेपाच ते सहाच्या आसपास राखावा. राख-चुना बंद करावा. आणि गरज भासल्यास चिलेटेड लोह पाकिटावरील प्रमाणात द्यावे.

बालकाच्या आतड्यातही हाच व्यवहार चालतो. अन्नधान्यातील लोह तेथे फेरिकचे फेरस व्हावे लागते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्यास साहाय्य करते. चहा त्यात अडथळा आणतो. तांबडी भाजी खाणारे मूल जेवणासोबत चहात बुडवलेला पाव खात असेल, तर ताटातील लोह ताटातच राहिल्यासारखे आहे. वर्ष उलटल्यावरही दुधावरच पोसलेल्या मुलाची गत निराळी नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. म्हणजे तीनांपैकी दोन. याच वयोगटासाठी २०१८ च्या अ‍ॅनिमियामुक्त भारत योजनेत आठवड्यातून दोनदा लोह व फॉलिक आम्लाचे एक मिलिलिटर सिरप ठरवले आहे. मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल किंवा माती खात असेल, तर त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

एक इशारा मात्र अवश्य द्यावासा वाटतो. बागेसाठी आणलेले हिराकस आणि गर्भवती मातेच्या लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. मूल गोळ्यांना खाऊ समजते आणि जास्त प्रमाणात पोटात गेलेले लोह प्राणघातक ठरू शकते. तशी शंका आल्यास उलटी होण्याची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

लोह विपुल असणे आणि ते अंगी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंदा कुंडीतील कोवळ्या पानांकडे पाहताना शेजारी खेळणाऱ्या मुलाची खालची पापणी हलकेच ओढून तिची आतली बाजू लाल आहे ना, तेही पाहावे, ही वाचकांस नम्र विनंती.