१९९१ चे अल्बम आणि रसिकांची न संपणारी चर्चा

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या ठरीव चाकोरीबाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्या आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे यांच्या आधाराने १९८०च्या दशकात जे संगीत वाढले त्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. आणि त्याचे चाहते आवडत्या अल्बमांविषयी बोलू लागले, की चर्चा हटकून १९९१ या वर्षावर येऊन ठेपते. त्या सप्टेंबरात निघालेल्या निर्वाना या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ने जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बमांच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला, हे सर्वश्रुतच आहे.

जाणत्या रसिकांचा जीव मात्र अधिक गुंततो तो नोव्हेंबरात आलेल्या, माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या ‘लव्हलेस’मध्ये. गिटारवरील ट्रेमोलो दांडी, म्हणजे सर्व तारांचा ताण एकदम कमी-जास्त करणारी धातूची दांडी, बँडचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स तारा छेडतानाच मुठीत धरून हलवत राहतात, त्यामुळे सबंध स्वरसमूह किंचित ढळतो, पुन्हा जागेवर येतो, आणि गाणाऱ्याचे शब्द त्या लाटांत जवळजवळ विरघळून जातात. आपल्या रागसंगीतातील मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, ऐकत वाढलेल्या कानाला हे ढळणे मुळीच परके वाटू नये.

केंटकी राज्यातील स्लिंट या बँडचा अवघ्या सहा रचनांचा ‘स्पायडरलँड’ही त्याच वर्षीचा; कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाणारा हा अल्बम तेव्हा फारसा कोणी ऐकला नाही, पण पुढील अनेक बँडनी त्याचा कित्ता गिरवला. प्रभाव ‘नेव्हरमाइंड’चा सर्वांत मोठा, यात शंका नाही, नादाच्या नवेपणात मात्र ‘लव्हलेस’च श्रेष्ठ ठरतो.