करवीरकुळाची ओळख

आमच्या परसांत बिट्टीचें, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचें, झाड होतें. देवपूजेच्या फुलांकरितां तें मींच लाविलें होतें. गेल्या वर्षीं माझ्या सहा वर्षांच्या नातवानें खेळतां खेळतां त्याची बी फोडून चावली. वांत्या सुरू झाल्या, नाडी मंदावली. रुग्णालयांत तीन दिवस काढल्यावर मूल वांचलें.

अमरकोशांत कण्हेरीचें, म्हणजे करवीराचें, एक नांव ‘हयमारक’ असें आहे. हयमारक म्हणजे घोड्यास मारणारा. हा शब्द मीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून पाठ करविला. आपल्या परसाकडे पाहून त्याचा अर्थ मात्र लाविला नाहीं. बिट्टी ही अमेरिकेंतून आलेली खरी, परंतु कण्हेरीच्याच कुळांतली.

हीं कुळें मनुष्यांनीं लक्षणें पाहून ठरविलेलीं आहेत. फ्रान्समधील ज्यूस्यू या पंडितानें १७८९ सालीं ज्या कुळांची मांडणी केली, त्यांत हेंही होतें. त्याच्या खुणा सोप्या आहेत. डहाळी मोडली असतां बहुधा पांढरा चीक निघतो. पांच पाकळ्या तळाशीं जुळलेल्या असून कळींत पीळ घालून बसलेल्या असतात. तगर, सदाफुली व देवचाफा हीं कण्हेरीचीं भावंडें होत. सोनचाफा मात्र नांवापुरताच चाफा. त्याचें कूळ निराळें. रुईचा परिवार १८१० सालीं रॉबर्ट ब्राउननें विभक्त केला होता. १९९८ सालच्या नव्या वर्गीकरणांत तो पुनः एकत्र कुटुंबांत आला!

या घराण्यांत विष व औषध शेजारीं नांदतात. मूळ मादागास्करच्या सदाफुलींतून काढलेलें व्हिंक्रिस्टीन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला. तिच्यांतील रिसर्पीन १९५२ सालीं वेगळें काढण्यांत आलें. कण्हेर व बिट्टी यांचीं द्रव्यें मात्र हृदयाच्या ठोक्यांवरच घाला घालतात, आणि कण्हेरीचें पान वाळलें तरी त्याचें विष जात नाहीं.

म्हणून गृहिणींस व वडील मंडळींस विनंति अशी, कीं मुलांस फुलांचीं नांवें शिकवितांना त्यांचे गुणदोषही सांगावे. सदाफुलीचा काढा स्वतःच्या बुद्धीनें घेऊं नये. बी पोटांत गेल्याची शंका आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

बिट्टी आम्हीं काढिली. तेथें आतां तगर आहे. आणि तिच्या पाकळ्यांचा पीळ आजोबांस दाखविण्याचें काम नातवाकडे आहे.