बहात्तरचा दुष्काळ आणि हाताला काम

दुष्काळात आधी विहीर आटते, मग दावण रिकामी होते. चारा नाही म्हणून बैल पडेल त्या भावाला बाजारात जातात आणि पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी औत हाकायला जोडी उरत नाही. भूमिहीन मजुराची गत आणखी वाईट. पेरणीच नाही, तर खुरपणी-काढणीची मजुरी कुठली?

१९७२ मध्ये महाराष्ट्राने हेच अनुभवले. रेशनवर अमेरिकेतला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचा एक प्रकार, आला. रस्ते, पाझर तलाव आणि नालाबांधाच्या कामांवर लाखो माणसे खडी फोडू लागली. तिथे सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ वाटला जाई.

या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची, तिचा प्रयोग त्यांनी आधीच तासगाव तालुक्यात केला होता. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून योजनेला पैसा मिळाला.

काम ही मेहेरबानी न राहता हक्क झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले.